किल्ली सोडली की इंजिन बंद, नवा बॅलास्ट टाकला तरी थोड्या दिवसांत परत तेच : जुन्या प्लायमथ-डॉजवाल्यांसाठी

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची गाडी याच लाईनीतली आहे का ते लगेच कळेल. सेल्फ मारला की इंजिन मस्त पेट घेतं, आणि किल्ली स्टार्टवरून सुटून रनवर आली की त्याच क्षणी खाडकन बंद. परत सेल्फ, परत पेटलं, परत बंद. किंवा याचाच दुसरा प्रकार म्हणजे गाडी तासभर छान चालते, मग सिग्नलला उभी असताना कुणी किल्ली काढून घेतल्यासारखी मरते, बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. जुन्या क्रायसलर कंपनीच्या गाड्यांना, म्हणजे प्लायमथ, डॉज वगैरे, आणि त्यातही पॉईंटवाल्या इग्निशनच्या (पॉईंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), हे दुखणं इतकं कॉमन आहे की कुणीही झोपेतून उठून सांगेल, बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे ठिणगीच्या कॉइलला जाणारा व्होल्टेज कमी करणारा तुकडा, गेलाय, बदल. बदलतो आपण, गाडी चालते, आणि थोड्या दिवसांनी तोच तमाशा. हा सगळा प्रपंच त्या "परत तेच" साठी आहे, पहिल्यांदा बॅलास्ट गेला असेल तर सरळ बदला आणि मजा करा.

माझ्याकडे १९७१ ची प्लायमथ डस्टर आहे, ३१८ व्ही-८ (३१८ म्हणजे घन इंचात इंजिनचा आकार), इथे मिशिगनमध्ये घराच्या गॅरेजमध्ये सावकाश दुरुस्त करून परत उभी करतोय. व्हीआयएन नंबरात, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, "बी" आहे म्हणजे हॅमट्रॅमकच्या प्लांटमधली, घरापासून काही फार लांब नाही, तो प्लांट १९८० लाच बंद झाला. आता इथले कट्टर लोक म्हणतील ३१८ ला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनची गाडी, कोण म्हणतं, खरी ती ३४०. म्हणू देत. त्या वर्षी ३१८ चे कागदावर २३० हॉर्सपॉवर होते आणि ३४० चे २७५, पत्रा तोच, डॅशबोर्ड तोच, वायरिंगची खोड पण तीच, आणि आज ३४० च्या किमतीत निम्मं घराचं डाउनपेमेंट होतं, त्यामुळे नोकरदार माणसाने बजेटमध्ये करायची तर ३१८ च परवडते. जाता जाता, प्लायमथ आणि डॉज आपल्या लोकांना तशा परक्या नाहीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात क्रायसलरशी करार करूनच गाड्या बनवायला सुरुवात केली होती, फियाट नंतर आली.

तर मुद्द्यावर येऊ.

बॅलास्ट म्हणजे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) दोन स्क्रूंनी, किंवा एका स्क्रूने, बसवलेला पांढरा चिनी मातीचा बोटभर लांब तुकडा, पोटात नागमोडी रेझिस्टन्स वायर, दोन टोकांना दोन टर्मिनल. थंडावलेला असताना मोजला तर साधारण अर्धा ओहम. त्याचं काम एवढंच की इंजिन चालू असताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज जाऊ द्यायचं नाही, म्हणजे कॉइल आणि पॉईंट दोन्ही जास्त टिकतात. पण सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज आधीच खाली बसलेला असतो, तेव्हा कॉइलला मिळेल तेवढं हवं असतं, म्हणून स्टार्टमध्ये एक तपकिरी वायर बॅलास्टला वळसा घालून थेट कॉइलला करंट देते. किल्ली सोडली की तपकिरी मेली आणि निळी वायर, म्हणजे रनची, बॅलास्टमधून कॉइलला पुरवायला लागते. आता बघा, स्टार्टमध्ये पेटतंय आणि रनमध्ये मरतंय याचा अर्थ सरळ आहे, तपकिरी रस्ता चालू आहे, निळा रस्ता कुठेतरी तुटलाय. कुठेतरी हा शब्द महत्त्वाचा. निळ्या रस्त्यावर बॅलास्ट आहेच, पण त्याच्या आधी स्टिअरिंग कॉलममधला इग्निशन स्विच आहे, कॉलमच्या बुडाशी त्याचा प्लग आहे, आणि फायरवॉलमधून वायर बाहेर काढणारा तो कुप्रसिद्ध बल्कहेड कनेक्टर आहे. यातलं कुणीही तुटलं की लक्षण हुबेहूब तेच, पण नाव मात्र नेहमी बॅलास्टचंच येतं कारण तो स्वस्त आहे आणि समोर दिसतो.

पेट्रोलची शंका आधी काढून टाका. उन्हाळ्यात गाडी अशी मेली की चार लोक येऊन सांगतात व्हेपर लॉक आहे (गरमीने पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकणं), आजकालच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं ना, त्यामुळे. असतं खरं तसं, पण इंधन कमी पडलं तर इंजिन गचके खात, खोकत, दोन-चार वेळा सावरत मरतं. इग्निशन गेलं तर दिवा विझवल्यासारखं मरतं, पुढे-मागे काही नाही. तरी खात्री करायची तर इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने एकदा दाबा, पेट्रोलची पिचकारी दिसली की पेट्रोल आहे, विषय संपला. बघताना तोंड लांब ठेवा, आणि कुणी सेल्फ मारत असताना तर वाकून बघूच नका.

मग टेस्ट लॅम्प घ्या, साधा, मगरपकडवाला, हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. किल्ली रनवर, इंजिन बंद. लॅम्पची पकड बॅटरीच्या मायनसला लावा, गाडीच्या बॉडीच्या पत्र्याला नको, का ते पुढे कळेल. आधी बॅलास्टच्या निळ्या वायरवाल्या टोकाला टोचा. लागला नाही तर बॅलास्टला हात लावू नका, तो निर्दोष आहे, त्याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये, स्विच नाहीतर बल्कहेड. लागला तर दुसऱ्या टोकाला टोचा. तिथे नसेल तर बॅलास्ट आतून तुटलाय. इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना गोंधळात टाकते, डिस्ट्रिब्युटरचे पॉईंट त्या वेळी उघडे असतील तर करंट वाहतच नाही, मग मीटरवर बॅलास्टच्या दोन्ही टोकांना सारखेच बारा-साडेबारा व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो बॅलास्ट काहीच कमी करत नाही, हा पण खराब. खराब नाही तो. इंजिन थोडं फिरवून पॉईंट बंद होतील असं ठेवा, मग कॉइलकडचा आकडा नऊ-दहाच्या आसपास उतरलेला दिसेल. फक्त पॉईंट बंद असताना किल्ली फार वेळ रनवर ठेवू नका, कॉइल आणि बॅलास्ट दोन्ही तापत बसतात. बॅलास्टला हात लावून "बापरे किती तापलाय" असं घाबरायचं पण कारण नाही, चालू गाडीत तो बोट भाजेल इतका गरम असतोच, म्हणून तर चिनी मातीत बसवलाय.

गरम झाल्यावर मरते आणि निवल्यावर चालते असा प्रकार असेल तर बॅलास्टमधली वायर तडकलेली असू शकते, गरम झाली की टोकं सुटतात, थंड झाली की परत टेकतात. म्हणून थंड असताना ओहम मोजून "ओके आहे" म्हणणं काही कामाचं नाही, मेल्या मेल्या मोजा, गॅरेजमध्ये आणून नव्हे. दुसरे दोन उमेदवार म्हणजे कंडेन्सर आणि कॉइल, ते पण गरम झाल्यावरच नाटकं करतात. कॉइलची प्रायमरी दीड ते पावणेदोन ओहमच्या आसपास असावी.

रस्त्यात अडकलात तर घरी यायचा उपाय : बॅलास्टच्या दोन टोकांमध्ये एक जाडसर वायरचा तुकडा, दोन्हीकडे मगरपकड. गाडी चालू राहिली तर बॅलास्टच दोषी. पण तसंच आठवडाभर फिरू नका, कॉइलला पूर्ण व्होल्टेज जातंय, पॉईंट जळतील. आणि निळ्या वायरमध्येच काही येत नसेल तर हा जुगाड चालणार नाही, बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलच्या प्लसला वायर द्यावी लागेल, आणि मग लक्षात ठेवा की किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होणार नाही, वायर उपटूनच बंद करायचं.

आता मुख्य भाग, परत परत का जातो.

माझ्या गाडीत बॅलास्ट खरंच जळत होता. टेस्ट लॅम्पने प्रत्येक वेळी तोच निघायचा, आतली वायर एका जागी काळी पडून तुटलेली. पॉईंटसुद्धा लवकर खड्डे पडून निळसर व्हायचे, आणि एक हेडलाईट उडाला तो वेगळाच. दुकानदार म्हणाला हल्ली माल असाच येतो, चांगल्या ब्रँडचा घे. हल्लीचा काही माल फालतू असतो हे मान्य, पण एकाच गाडीत बॅलास्ट, पॉईंट आणि बल्ब तिन्ही जास्त तापून मरत असतील तर मालाला शिव्या देण्याआधी मीटर लावायला पाहिजे, कारण या तिघांना समान काय आहे, तर व्होल्टेज. मीटर लावला. इंजिन आयडलवर १४.२ व्होल्ट, चांगलं वाटलं. रेस करून दोन हजारच्या आसपास आणलं तर १५.६, आणि तिथेच टिकून. उन्हाळ्याच्या दिवसात या गाड्यांचा रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारी डबी) १३.८ ते १४.४ च्या दरम्यान धरून ठेवतो. मिशिगनच्या जानेवारीत पंधराच्या जवळ दिसला तर घाबरू नका, थंडीत तो मुद्दाम वाढवतो, पण ऑगस्टमध्ये १५.६ म्हणजे काहीतरी भानगड आहे. आणि व्होल्टेज वाढला की उष्णता वर्गाच्या हिशोबाने वाढते, १४ च्या जागी १६ झाले तर बॅलास्टमधली उष्णता जवळपास ३० टक्क्यांनी वाढते. कसा टिकेल.

इथे बहुतेक लोक रेग्युलेटर बदलतात. थांबा. १९७० पासून क्रायसलरने जुना पट्ट्यांचा यांत्रिक रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक दिला, फायरवॉलवर छोटी काळी डबी, त्रिकोणी प्लग, त्यात दोनच वायरी, एक निळी एक हिरवी. निळीवरून तो व्होल्टेज "बघतो". हिरवीवरून अल्टरनेटरच्या फील्डचा, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीचा, करंट त्याच्यात येतो आणि तो तो करंट अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे, सोडतो. अर्थची वायर कुठेय? नाहीये. डबीचं बूड म्हणजेच अर्थ, दोन बोल्टने फायरवॉलला टेकलेलं. आता आपण जुनी गाडी उभी करताना पहिलं काय करतो, इंजिन बाहेर काढतो, इंजिन बे घासतो, प्रायमर, दोन कोट रंग, क्लिअर, फोटो काढतो, आणि मग त्या चकचकीत रंगावर रेग्युलेटर बसवतो. माझ्या गाडीत हे काम आधीच्या मालकाने केलं होतं, सुंदर केलं होतं, एक ओघळ नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा काय अर्थ मिळतोय तेवढ्यावर रेग्युलेटर चालला होता.

पूर्ण अर्थ गेला असता तर चार्जिंगच झालं नसतं आणि एका दिवसात कळलं असतं. अर्धवट अर्थ जास्त वाईट. समजा त्या रंगामुळे बोल्टपाशी अर्धा ओहम रेझिस्टन्स आला आणि फील्डचा अडीच अँपिअर त्यातून जातोय, तर डबीचं बूड खऱ्या मायनसपेक्षा सव्वा व्होल्टने वर तरंगतं. रेग्युलेटर निळी वायर आणि स्वतःचं बूड यांतला फरक मोजतो, त्याला तो सव्वा व्होल्टने कमी दिसतो, मग तो बिचारा इमानदारीने अल्टरनेटरला म्हणतो अजून दे, अजून दे. रेग्युलेटर नवा टाकला तरी नवा पण तेच करणार, कारण त्याला पण तोच रंग मिळणार.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मीटर डीसी व्होल्टवर, इंजिन चालू आणि थोडं रेस, हेडलाईट आणि ब्लोअर लावलेले. काळी तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवर), लाल तार रेग्युलेटरच्या उघड्या धातूवर. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त यायला नको. माझ्याकडे १.३ आला. रेग्युलेटर स्वतःच्या मते १४.३ धरतोय, त्यात हा १.३ मिळून १५.६, हिशोब तंतोतंत जुळला, याच्या पुढे काही सिद्ध करायची गरज नव्हती. हे करताना पट्टा आणि पंखा फिरत असतो, बाह्या वर, मीटरच्या तारा लांब धरा, अंगठी-कडं काढून ठेवा.

उपाय इतका स्वस्त की सांगायला लाज वाटते. बॅटरी सोडली, रेग्युलेटर काढला, त्याच्या दोन्ही कानांची मागची बाजू आणि फायरवॉलवर बरोबर तेवढाच गोल पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, आट्या साफ केल्या, मध्ये दाते असलेले स्टार वॉशर टाकले, आणि एका बोल्टखाली रिंग टर्मिनल घालून एक वेगळी वायर थेट इंजिनच्या ब्लॉकला नेली. घासलेल्या जागेभोवती थोडं ग्रीस, नाहीतर इथला मिठाचा ओलावा वर्षात गंज आणतो. त्याच वेळी बघा इंजिनच्या मागून फायरवॉलला येणारी अर्थची विणलेली पट्टी जागेवर आहे का. बॅटरीचा मायनस इंजिनला जातो, गाडीच्या बॉडीला तो या पट्टीतून मिळतो, आणि इंजिन परत बसवताना सगळ्यात आधी विसरली जाणारी वस्तू हीच, कारण ती नसली तरी गाडी चालू होते. स्पीडोमीटरची केबल असल्या भलत्या रस्त्यांनी अर्थ शोधत बसते बिचारी.

आता दुसरी केस, कारण फक्त माझी वाचून तुम्ही सगळे रेग्युलेटर घासायला जाल आणि तुमचं दुखणं भलतीकडेच असेल. इथेच मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये आमचा एक मित्र आहे, मूळ सांगलीचा, त्याच्याकडे १९७० ची डॉज डार्ट स्विंगर, इंजिन तेच ३१८. तक्रार शब्दशः माझीच, किल्ली सोडली की बंद. त्याने पण बॅलास्ट बदलले, पण काढलेले जुने त्याने फेकले नव्हते, डब्यात होते. मोजले तर सगळे धडधाकट, अर्ध्या ओहमचे! म्हणजे नवा बसवताना वायरी हलायच्या, कुठेतरी टेकायचं, गाडी चालायची, श्रेय नव्या बॅलास्टला. वर त्याची बॅटरी सारखं पाणी मागायची, झाकणांभोवती पांढरी साय आणि गॅरेजमध्ये सडक्या अंड्यासारखा वास, आणि डॅशमधला अँपमीटर कायम थोडा चार्जकडे झुकलेला.

त्याच्या रेग्युलेटरचा अर्थ उत्तम होता, तीन-चार शतांश. मग दुसरं माप घेतलं : लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी तार रेग्युलेटरच्या निळ्या वायरच्या प्लगमध्ये मागून टोचून. हा फरक दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत असावा. तिथे दीडच्या वर होता, आणि वायरिंगचा गठ्ठा हाताने हलवला की आकडा नाचायचा. म्हणजे रेग्युलेटरला निळ्या वायरीवर कमी दिसतंय म्हणून तो इमानेइतबारे अल्टरनेटर रेटतोय आणि बॅटरी उकळतेय, आणि तोच निळा सांधा अधूनमधून पूर्ण सुटला की इंजिन बंद. बॅलास्टलाही तीच निळी पुरवते, तिथे तर व्होल्टेज बेताचाच होता, म्हणून त्याचे बॅलास्ट जळत नव्हते आणि माझे जळत होते. जुना बॅलास्ट मोजल्याशिवाय फेकू नका असं म्हणतो ते यासाठी, तो जळालाय की धडधाकट आहे यावरून अर्धं निदान होतं.

दोष बल्कहेड कनेक्टरमध्ये होता. या गाड्यांचा सगळा करंट फायरवॉलमधल्या प्लास्टिकच्या एका ठोकळ्यातून आतबाहेर करतो, पाव इंची चपट्या पितळी टर्मिनलांवरून. बॅटरीची लाल वायर फ्युजिबल लिंकमधून (शॉर्ट झाला की आधी वितळणारा वायरीचा तुकडा) या ठोकळ्यातून आत, डॅशमधल्या अँपमीटरला, तिथून काळी वायर परत याच ठोकळ्यातून बाहेर अल्टरनेटरला. पन्नास वर्षांत पितळेवर हिरवा थर चढतो, सांधा तापतो, तापला की पकड सैल होते, सैल झाला की अजून तापतो. त्यात वायपरखालच्या जाळीच्या डब्यातून, म्हणजे काउलमधून, पाणी गळणं हा या मॉडेलांचा जुना रोग, ते पाणी फायरवॉलवरूनच खाली येतं.

बॅटरी सोडा, आधी फोटो काढा, इंजिनच्या बाजूचे प्लग खाच दाबून सरळ ओढा, वायरीला धरून नव्हे. ज्या टर्मिनलभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय किंवा वितळून बसलंय तिथे दोष. नुसता हिरवा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी कापून नर टर्मिनल घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मादी टर्मिनल बारीक टोच्याने किंचित आवळा, हलकं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बसवा. या जातीचे टर्मिनल, पॅकार्ड ५६ म्हणतात, अजून सुटे मिळतात, खराब झालेलं एकच काढून नवं क्रिम्प करता येतं, अख्खं हार्नेस घ्यायची गरज नाही. मित्राचा निळा टर्मिनल घासून भागला. पण लाल आणि काळीची जागा वितळली होती, तिथे घासाघासी करू नका, त्या दोन वायरी ठोकळ्यातून काढून टाका आणि शेजारी भोक पाडून, रबरी ग्रोमेट घालून, तेवढ्याच जाडीची वायर अखंड आत न्या. फ्युजिबल लिंक मात्र ठेवायचीच, वायरपेक्षा चार गेज बारीक हा नेहमीचा हिशोब, १२ गेजच्या वायरीला १६ ची लिंक. साधी वायर जोडून "डायरेक्ट" करणारे महाभाग भेटतील, तिथे शॉर्ट झाला तर लिंकऐवजी गाडी जळते.

अँपमीटरच्या मागचे नट पण त्याच दमात बघा. सगळ्या गाडीचा चार्जिंग करंट त्या दोन खुंट्यांवरून जातो आणि ते सैल झाले की तिथे काय होतं हे जळलेल्या डॅशचे फोटो बघितले तर कळेल. माझं मत स्पष्ट आहे, रस्त्यावर चालवायच्या गाडीत दोन्ही वायरी एकाच बोल्टने जोडून, वर हीट श्रिंक घालून अँपमीटर निवृत्त करावा आणि सीटखाली नाहीतर डॅशखाली छोटा व्होल्टमीटर लावावा. तो असता तर माझे १५.६ मला पहिल्याच आठवड्यात दिसले असते. मूळ रूप जपणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांनी निदान नट आवळून, खुंट्या घासून दरवर्षी एकदा हात लावून बघावा, तापतायत का.

आणि शंभर अँपिअरचा मोठा अल्टरनेटर टाकायचा मोह आवरा. वायरिंग मूळचं ठेवून मोठा अल्टरनेटर लावला आणि एकदा बॅटरी डिस्चार्ज झाली की तो सगळा करंट त्याच पाव इंची पितळेतून रेटणार. तोच पैसा हेडलाईटच्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला, मूळ रचनेत हेडलाईटचा सगळा करंट डॅशमधल्या स्विचमधून फिरून येतो, रिले लावले की बल्कहेडवरचा बोजा एकदम उतरतो आणि रात्री रस्ता पण दिसतो.

खर्च म्हणाल तर माझं काम पॉलिश पेपर, वॉशर आणि वायर धरून दहा डॉलरच्या आत, मित्राचं टर्मिनल, वायर, लिंक, ग्रोमेट मिळून पंचवीस-तीसच्या घरात, वर एक दुपार आणि पाठदुखी. तोवर आम्ही दोघांनी मिळून बॅलास्ट, कॉइल, रेग्युलेटर असं जे काय घेतलं होतं त्याच्यात चांगला मीटर आणि एक क्रिम्पिंगचा पाना सहज आला असता. मीटर नसेल तर पहिली खरेदी ती करा, बाकी सगळं नंतर.

दोन्ही मापं ठीक आली, आयडल आणि रेस दोन्हीकडे व्होल्टेज चौदाच्या आसपास राहतोय, बल्कहेड स्वच्छ आहे आणि तरी किल्ली सोडली की बंदच, तर इग्निशन स्विचचा रनचा काँटॅक्ट राहतो. कॉलमच्या बुडाशी असलेला त्याचा प्लग उघडा, निळ्या वायरीचं टर्मिनल काळपटलंय का बघा, मग किल्ली रनवर ठेवून अगदी किंचित पुढे-मागे हलवा, टेस्ट लॅम्प लुकलुकला तर स्विच झिजलाय, तो बदला. नवा मिळेपर्यंत किल्लीला जड जुडगा लटकवू नका. आणि गॅरेजमध्ये काम करताना रेडिओ ऐकायचा असेल तर किल्ली रनवर ठेवून बसू नका, उलट्या बाजूला फिरवून अ‍ॅक्सेसरीवर ठेवा, पॉईंट नेमके बंद राहिलेले असले तर गाणी संपेपर्यंत नवा बॅलास्ट नुसता तापत बसतो.